लवूचं राहिलेलं

कर्नाळ्याच्या चढावर कोंडीरामच्या सायकलची चेन तिसऱ्यांदा उतरली. बुधाजींनी त्याला हातही लावू दिला नाही. स्वतः मातीत बसले, बोटं काळी करून चेन चढवली आणि म्हणाले, "चला दादा. ऊन चढायच्या आत पेण गाठू."

पन्नाशीचा माणूस पस्तिशीच्या माणसाला दादा म्हणत होता, वर अहो-जाहो. काल लालबागहून निघाल्यापासून कोंडीरामला ते टोचत होतं. नुसतं कोंड्या म्हणा, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. बुधाजींनी मनावर घेतलं नाही.

कोंडीराम आता रे रोडला लाकडाच्या वखारीत राखण करायचा, पण चार वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर खाकी होती. छप्पन्नच्या अठरा जानेवारीला लालबागच्या एका गल्लीच्या दोन्ही तोंडांना बंदूकवाले पोलीस उभे केले होते. हुकूम सुटला, दोन्हीकडून बार झाले. धूर निवळला तेव्हा लवू नावाचा बावीस वर्षांचा गिरणीतला साचेवाला गल्लीच्या मधोमध पडला होता. गोळी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. कोंडीरामला विचारायची गरज नव्हती, त्याचा नेम त्याच पांढऱ्या सदऱ्यावर होता. सहा महिन्यांत त्याने नोकरी सोडली. सदरा काही डोळ्यांपुढून हलला नाही.

नाक्यावर पोरांनी लवूचा फोटो लावला. खाली त्याचं नेहमीचं बोलणं रंगवलं, 'मुंबई मिळाली की सायकलने रायगड.' दर महिन्याच्या अठरा तारखेला कोंडीराम तिथे जाऊन हात जोडायचा. आणि दर अठराला खांदे पडलेला एक माणूस हार घेऊन यायचा, लेकराचं तोंड पुसावं तशी फोटोची काच बाहीने पुसायचा. ते बुधाजी. हा बाप, हे कोंडीरामने पहिल्याच दिवशी ओळखलं. विचारायची छाती मात्र झाली नाही. बुधाजींनीच एकदा विचारलं, "जवळचे का?" कोंडीरामने मान खाली घातली. दुसरं काय करणार होता? त्यानंतर दोघांत लवूचा विषय निघाला नाही.

साठच्या एप्रिलात चित्र पक्कं झालं. एक मेला महाराष्ट्र होणार आणि मुंबई आपलीच राहणार. त्या अठराला हार घालून झाल्यावर बुधाजी म्हणाले, लवूचं राहिलंय ते कुणीतरी करायला पाहिजे, तुमी येता का? कोंडीराम जागच्या जागी हो म्हणाला. त्याने मनाशी ठरवून टाकलं, रायगडावर या बापापुढे सगळं कबूल करायचं. मग त्याने टकमक टोकावरून ढकललं तरी तक्रार नाही.

ठरवणं सोपं असतं हो, तोंड उघडणं महाकठीण. नागोठण्याला त्याने सुरुवात केली आणि पाणी मागून मोकळा झाला. कोलाडला बुधाजींनी भाकरीचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला, तेव्हा त्याने तो तसाच फडक्यात बांधून ठेवला. माणगावला पोलीस चौकीवरून जाताना बुधाजींनी मान फिरवली आणि पॅडल जोरात हाणलं. राग असणारच, कोंडीरामच्या मनात आलं. 

महाड मागे पडलं आणि डांबर संपलं. पाचाडच्या वाटेवर नुसती खडी आणि लाल मुरूम. चाक धरायचं म्हटलं की घसरायचं, दगड उडून नडगीवर बसायचे. चढावर दोघं उतरून सायकली ढकलत निघाले. कोंडीरामचं मागचं चाक बसलं, ते पंक्चरही बुधाजींनीच काढलं. हा माणूस माझी सेवा करतोय आणि मी कोण आहे, या विचाराने कोंडीराम कानकोंडा झाला.

पाचाडला संध्याकाळी जिजाऊंच्या समाधीपुढे ते टेकले. बुधाजी बराच वेळ दगडाकडे बघत राहिले.

"त्याच्या आईला काय वाटलं असेल हो," ते हळूच म्हणाले.

बापडा बायकोचं दुःख बोलून दाखवतोय, कोंडीरामला वाटलं. त्याला रडू कोसळलं. बुधाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला.

एक मेला उजाडताच सायकली पाचाडला ठेवून ते गड चढू लागले. महादरवाजात दम खाल्ला, होळीच्या माळावरून पुढे गेले. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर अक्षरं कोरलेली होती. बुधाजींनी एकेक अक्षर बोटाने लावून वाचलं, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर.' महाराजांची पायधूळ लागावी म्हणून गड बांधणाऱ्याने मागितलेली ती जागा. वाचून बुधाजी तिथेच खाली बसले. कोंडीरामलाही हुकमाला तत्पर असलेले आपले हात आठवले. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

महाराजांच्या समाधीपाशी माणसं जयजयकार करून पांगली होती. बुधाजींनी लवूच्या नावाने नारळ वाढवला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा कोंडीरामच्या हातावर ठेवला. आता नाही तर कधीच नाही. कोंडीरामने तुकडा तसाच मुठीत धरला.

"काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," बुधाजी म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून कोंडीरामचे दोन्ही पाय धरले. तो मागे सरकू लागला, तशी मिठी आणखी घट्ट झाली.

"चार वर्षं तुमच्याकडे बघायची हिंमत नव्हती, दादा," ते म्हणाले. "तुमच्या भावाला लागली ती गोळी माझ्या बंदुकीतली होती."