उजवीकडचं बटण

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकट पुन्हा आली. दुपारचा एक वाजला होता. मारुतरावांनी डबा बाजूला सारला, माउस धरला आणि चौकटीतलं उजवीकडचं बटण दाबलं. चौकट गेली.

“बघ, तासाभरात परत येतीय का न्हाई,” ते म्हणाले. “नवीन घ्या, नवीन घ्या. रोजची भुणभुण. आणि नेमकी तू नवीन टाकायला हजर. एवढा मेळ बसतो कसा गं?”

“काका, फोन तुम्हीच केला होता,” टेबलाखाली वायरी सोडवत असलेली अंजली म्हणाली. तिचं थेरगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

फोन नाइलाजानं केला होता. चाकणच्या ज्या कंपनीला मारुतरावांच्या तळवड्याच्या या शेडमधून अठरा वर्षं लोखंडी ब्रॅकेट जात होते, तिनं कळवलं होतं की एक तारखेपासून ऑर्डर फक्त नव्या वेबसाइटवर मिळतील. जुन्या सिस्टीमवर ती वेबसाइट उघडत नव्हती. म्हणजे सिस्टीम बदला, नाहीतर मशिनी बंद ठेवा. मारुतरावांना त्यातही काहीतरी काळंबेरं वाटत होतं.

कॉम्प्युटर जयमालाचा. बाहेर मशिनी नवऱ्याच्या आणि आत ऑफिस बायकोचं, अशी वाटणी लग्नापासूनची. ती गेल्यावर तिच्या खुर्चीत बसायची वेळ त्यांच्यावर आली. त्यांना आकडे कळत, चलन छापता येई. इंग्रजी अक्षरं मात्र येत नव्हती. चौकटीतलं डावं बटण म्हणजे होकार, एवढं त्यांनी ताडलं होतं. होकार दिला की माणूस अडकला. म्हणून आठ महिने ते उजवंच दाबत होते.

“ह्याच्यापुढं बसलं की डोकं गरगरतं,” ते म्हणाले. “आधी असं न्हवतं.”

“डोळे तपासून घ्या.”

“डोळ्यांचं न्हाई. ह्या डबड्यातच काहीतरी हाय. हे बघ, टाक तुझं नवीन. पण ही चौकट परत दिसली, तर सगळं तुझ्या दुकानात आणून आदळीन.”

“नवी सिस्टीम टाकली की जुनं सगळं पुसलं जातं, काका. चलनं, बिलं तेवढी आधी काढून घेते.”

ती खुर्चीत बसली आणि फायली उतरवू लागली. मारुतराव मागं उभे राहून ती काय काय उघडते ते बघत होते.

दोन वाजता चौकट आली. त्यांचा हात सवयीनं पुढं गेला. पण माउस अंजलीकडं होता, आणि ती काहीच दाबत नव्हती.

“काका, ही कुठल्या कंपनीची नोटीस नाही.”

“मंग काय, व्हायरस?”

“नाही. कुणीतरी इथंच बसून लावलंय हे. रोज एक वाजता यायचं. नाही म्हटलं की तासानं परत.” तिनं आणखी काहीतरी उघडून पाहिलं. “पाच मार्चला लावलंय.”

मारुतरावांनी खुर्चीची पाठ धरली. सहा मार्चला जयमालाला दवाखान्यात नेलं होतं. ती परत आली नाही. आदल्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत इथं बसून होती. ते ओरडलेही होते, असलं कसलं काम अडलंय म्हणून. जरासंच राहिलंय, एवढंच ती म्हणाली होती.

“काय लिवलंय?”

“अक्षरं इंग्रजी आहेत, पण आहे मराठीच.” अंजलीनं सावकाश वाचलं. “बीपीची गोळी घेतली का? खोटं बोलू नका.”

बाहेर ड्रिलचा आवाज चालू होता. मारुतरावांनी टेबलाचा खण ओढला. गोळ्यांची पट्टी होती तिथंच होती, मार्चपासून अर्धीच. त्यांनी एक गोळी पाण्याबरोबर गिळली. मग वाकून माउस धरला, बाण डाव्या बटणावर नेला आणि ते थांबले.

“दाबलं की जाईल?”

“आज जाईल. उद्या एकला परत येईल.”

“आणि नव्यात?”

“नव्यातही लावून देते की.”

“शब्द बदलू नकोस एकबी,” मारुतराव म्हणाले, आणि त्यांनी डावं बटण दाबलं.