मुखरूचं आवतन

"मान खाली कर न रे," रंजीता म्हणाली आणि चांद्याने खरंच मान खाली केली.

पोळा उद्यावर आला होता. दोन्ही बैल धुऊन गोठ्यासमोर उभे होते. सात वर्षांची रंजीता उलट्या घमेल्यावर चढून चांद्याच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळत होती. तिची आजी सोनीबाई चुलीवर पळसाची पानं शेकून एकेक तिच्या हाती देत होती. जू घासून कातडं जिथे काळं आणि टणक झालं होतं, तिथे रंजीताचा हात आपोआप हळू व्हायचा.

चोळून झालं तशी ती बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

चांद्याने कान हलवला. बांड्याने मात्र वेळ लावला. ती घमेल्यावर थांबून राहिली.

"घेतलं का नाई? सांग न बापा."

एक माशी येऊन बसली आणि बांड्याचा कान हलला. तेव्हा कुठे ती खाली उतरली. आवतन घेतलेल्या बैलाच्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी जू ठेवायचं नाही, आणि तो जेवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, हे आजीने तिला शिकवलं होतं.

तेवढ्यात मुखरू धानाच्या बांधीतून आला. रोपं लावतात त्या रोवण्यापासून तो या घरी कामाला होता. गाव दूर, एटापल्लीकडे. शेतातल्या झोपडीत एकटाच राहायचा. त्याने कावड भिंतीला टेकवली.

रंजीताचा बाप लोकेश बैलाची शिंगं रंगवत होता. मागे न पाहताच तो म्हणाला, "मुखरू, उद्या सकाळी खताच्या बोऱ्या खालच्या बांधीत नेऊन टाकजो. बैलं तं उद्या सुटीवर."

"टाकतो न भाऊ."

"मुखरूकाकाले सुटी नाई?" रंजीताने विचारलं.

लोकेश हसला. "पोळा बैलाचा रायते पोरी. मानसाचा नाई."

मुखरूही हसला आणि शर्ट काढून टाक्यापाशी हातपाय धुवायला बसला.

त्याचा उघडा खांदा रंजीताने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कावडीची दांडी जिथे टेकायची तिथे मुठीएवढा घट्टा पडला होता. काळा, टणक, आणि मधोमध चिरलेला. तिने वळून चांद्याकडे पाहिलं. पुन्हा मुखरूकडे पाहिलं. मग वाटी उचलली, आजीच्या हातातलं शेकलेलं पान घेतलं आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

हळदीचं पहिलं बोट लागलं तसा मुखरू दचकला.

"ओ पोरी!" सोनीबाई चुलीपासून ओरडली. "मानसाले बैल समजून रायली का?"

लोकेशच्या हातातला ब्रश थांबला. पुढे कापणी होती, आणि रागावून गेलेला माणूस परत येत नसतो.

"लेकरू हाय मुखरू," तो घाईने म्हणाला. "मनावर नको घेऊ."

पाण्याचा लोटा मुखरूच्या हातात तसाच अर्धा कलता राहिला. पाठ घराकडे असल्यामुळे त्याचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. मग त्याने लोटा खाली ठेवला आणि तिचा हात नीट पुरावा म्हणून खांदा आणखी खाली केला.

"लाव," तो म्हणाला. "पर मले हंबरता येत नाई हो."

"बांड्याले बी नीट येत नाई," रंजीताने त्याची समजूत घातली.

ती चोळू लागली. चिरलेल्या जागी तिचा हात हळू झाला.

"दुखते?"

"आता नाई."

पान गार झालं तसं तिने ते बाजूला ठेवलं आणि त्याच्या कानाशी वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि ती त्याच्या कानाकडे बघत थांबली.

मुखरूला कान हलवता येईना. त्याने मान वळवून सोनीबाईकडे पाहिलं. लेकराचं बोलणं धरायचं की सोडून द्यायचं, हे तिनेच सांगायचं होतं.

सोनीबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. पदराला हात पुसले.

"माह्याकडं काय पाह्यतं? आवतन तुले देल्लं हाय. घे."

मुखरूने मान हलवली. रंजीताला तेवढं पुरलं.

"माय, मंग खत कोन टाकन?" लोकेशने विचारलं. "त्याच्या खांद्यावर तं उद्या काई ठेवता येत नाई."

"तुया खांद्याले कोनी हळद लावली का?"

लोकेशने आईकडे पाहिलं, भिंतीच्या कावडीकडे पाहिलं, आणि पुन्हा शिंग रंगवायला घेतलं. आधीच रंगवून झालेलं शिंग.

मुखरू उठला. शर्ट त्याने घातला नाही, नुसता डाव्या हातावर टाकला. फाटकापाशी जाऊन तो घुटमळला.

"बाई, कितीक वाजता येऊ?"

"लवकर येजो," सोनीबाई म्हणाली. "तू जेवल्याबिगर इथी कोनाले जेवता येत नाई."

बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. दोन महिने हाच माणूस मुसळधार पावसात उघड्या अंगाने पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाहत होता. आज त्याने फाटकाजवळच्या पळसाचं एक मोठं पान तोडलं, हळदीवर पाणी पडू नये म्हणून ते खांद्यावर धरलं, आणि बांधावरून, धुऱ्याधुऱ्याने, तो झोपडीकडे निघाला.