कापडी छत

"रोजच्या वापराला चालेल ना? स्पीडब्रेकरला घासणार नाही?" मी तिसऱ्यांदा विचारलं. सेल्समन मायलेज सांगत होता, पण माझं लक्ष इनासच्या खिशातल्या हाताकडे होतं. त्या खिशात काच फोडायची छोटी हातोडी असते. दोन वर्षांपूर्वी वसईच्या पुरात आमची गाडी अडकली, दारं उघडेनात, आणि पाणी हनुवटीला लागेपर्यंत इनास, माझा नवरा, आत काचेवर मुठी आपटत होता. तेव्हापासून तो बंद गाडीत बसलेला नाही, रिक्षानेच फिरतो. "मागं बसून बसून कंटाळलो गं, हातात स्टेअरिंग पाहिजे," असं परवा म्हणाला, म्हणून ही छत उघडणारी, दोन सीटची जुनी गाडी बघायला आलो. उघड्या गाडीत तो बसला, चक्क हसला. तेवढ्यात सेल्समनने हौसेने बटण दाबलं. मागून छत सरकत आलं आणि डोक्यावर खटकन बसलं. इनासचा चेहरा पांढराफटक पडला. हातोडी बाहेर आली. मी धावत जाऊन दार उघडलं. तो छताची मजबुती तपासतोय असं वाटून सेल्समन ओरडला, "नको सर, मारू नका! कापड आहे ते, साध्या ब्लेडनेसुद्धा फाटतं!" इनास थांबला. त्याने बोटाने छत दाबलं. पुन्हा दाबलं. दार उघडं होतं, तरी तो उतरला नाही. हातोडी माझ्या हातात देत म्हणाला, "ही घरी ठेव. आणि तुझी शिवणकामाची कात्री दे मला."