आईचं पोलकं

पडदा सरकला आणि विश्रामबागेतल्या महिला मंडळाच्या सभागृहात हशा पिकला.

नाटुकल्यातल्या खाष्ट आत्याबाई झालेली शकुंतला समोर उभी होती. अंगात तिच्या सासूचं, म्हणजे अंजनाच्या आईचं मोतिया रेशमी पोलकं. हनुवटीला टेकणारा गळा, खांद्याशी फुगून मनगटापर्यंत उतरलेल्या बाह्या, छातीवर लेसच्या तीन झालरी.

"आत्याबाई, बाहीत काय लपवलंय?"

"दोन पायली जोंधळे!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तिसऱ्या रांगेत अंजना दगडासारखी बसून राहिली.

महिन्यापूर्वी ही भावजय तिच्याकडे साताऱ्याला आली होती. पोलक्याची चुणी न् चुणी बोटाने चाचपून म्हणाली होती, "वन्सं, असं शिवणारे हात आता राहिले नाहीत. मंडळात प्रदर्शन भरवतोय. काचेच्या कपाटात ठेवीन मी हे." लढाईत कापडाला रेशन लागलं, तेव्हा जो तो अंजनाला सांगायचा, फाडा ते, दोन झंपर निघतील. त्या पोलक्याला चांगलं म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. तिने ते स्वतःच्या हाताने मलमलीत गुंडाळून दिलं होतं. आज प्रदर्शन बघायला म्हणूनच ती साताऱ्याहून आली होती.

नाटुकलं संपताच ती मागच्या खोलीत गेली.

"काढ ते."

"अहो वन्सं, गंमत होती. किती आवडलं सगळ्यांना!"

"काचेच्या कपाटात ठेवणार होतीस ना?"

शकुंतला आरशात बघून कपाळावर रंगवलेलं कुंकू पुसत होती. "तसं म्हटलं नसतं, तर तुम्ही दिलं असतं का?"

तिने पोलकं उतरवून खुर्चीवर टाकलं. खांद्याशी एक शिवण उसवली होती. अंजनाने ते हातात घेतलं, खोलीच्या कोपऱ्यात पाठमोरी झाली, अंगातला झंपर उतरवला आणि पोलकं चढवलं.

ती सभागृहात आली तेव्हा बक्षीस समारंभ सुरू होता. कुणीतरी फिसकन हसलं. अंजना पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत ताठ बसली. मनगटांशी बाह्या उघड्याच लोंबत होत्या. तिथल्या बारीक गुंड्या एका हाताने काही लागेनात.

शेजारच्या खुर्चीत अध्यक्षीणबाईंच्या सासूबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांनी न विचारता तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"ही दुसरीने लावायची असते गं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा सारखा करून पहिली गुंडी काजात घातली.