शंभरातला एक

"मग त्या मुलीला तुम्ही नेमकं काय म्हणालात?" प्रुएटने तिसऱ्यांदा विचारलं. नेल्डाला धडक देणाऱ्या मुलीचा, खरं तर तिच्या विमा कंपनीचा, तो वकील. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा तब्येतीची चौकशी करायला आलाय.

नेल्डा व्हिझनंटने उजवा हात मांडीवर ठेवला होता. सात महिने झाले तरी मनगट वाकडंच होतं. थंडीच्या आत आणखी एक शस्त्रक्रिया झाली तर मूठ वळेल, नाहीतर हात कायमचा असाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. याच हाताने तिनं अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी मक्याचा पाव भाजला होता. शस्त्रक्रियेचा खर्च भरपाईतूनच निघायचा होता. दुसरीकडून कुठूनही तो निघण्यासारखा नव्हता.

तिचा वकील हॉइट ब्रॅनम शेजारी बसून पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. आजच्या जबानीसाठी काल दोन तास त्यानं तिला एकच गोष्ट पढवली होती. हो, नाही, किंवा खरंच आठवत नसेल तर आठवत नाही. यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. पंचाईत अशी होती, की नेल्डाला सगळं आठवत होतं.

टपाल कचेरीसमोर चालणाऱ्यांसाठी दिवा लागला होता, ती पट्ट्यांवरूनच जात होती. मुलगी डावीकडे बघत उजवीकडे वळली आणि हिला आडवं केलं. सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ केस. पण ती एकोणीस वर्षांची पोर गाडीतून उतरून अशी थरथरायला लागली, की रस्त्यावर पडलेली नेल्डा उठून बसली आणि धडधाकट डाव्या हाताने तिचीच पाठ थोपटू लागली. तेव्हा जे बोलली, ते शेजारी उभ्या असलेल्या पोलिसाने इमानेइतबारे लिहून घेतलं.

"मी म्हटलं, रडू नकोस गं सोने, माझीच चूक. मीच बघून चालायला हवं होतं."

हॉइटने पेन टेबलावर ठेवलं.

अलाबामाचा कायदा या बाबतीत सरळ आहे, भिंतीवर डोकं आपटावं इतका सरळ. शंभरातला एक टक्का दोष जरी जखमी माणसाच्या माथी लागला, तरी त्यानं हात हलवत घरी जायचं. नऊ मैलांवर नदी आहे. पलीकडे जॉर्जिया राज्य लागतं, तिथं दहा टक्के दोष निघाला तर भरपाईतून तेवढाच भाग कापतात आणि बाकीची देतात. तेच मनगट, तीच गाडी, तीच रडणारी पोर. पण नेल्डाची टपाल कचेरी नदीच्या या बाजूला होती. आणि असा कायदा कुठं आहे तर या मुलखात, जिथं दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी आधी आपणच माफी मागायची, असं आया पोरांना बोलायला लागायच्या आधी शिकवतात.

प्रुएटने कागद सरळ केले. मग खरंच चूक होती का, असं त्यानं विचारलं. नाही, असं नेल्डा म्हणाली. दिवा तिचा होता.

"म्हणजे मिस नेल्डा, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"हरकत आहे," हॉइट म्हणाला. टेबलाच्या टोकाला जबानी टिपणाऱ्या बाईंनी तेही टिपलं.

नेल्डाने हॉइटकडे पाहिलंही नाही. "खोटं कसलं त्यात? ते लेकरू रडत होतं. कुणीतरी तिला काहीतरी म्हणायला नको? तुम्ही काय म्हणाला असतात?"

"इथं प्रश्न मी विचारतो."

"ते दिसतंय."

हॉइटला हसूही आलं आणि रागही आला. काल दोन तास दगडाला शिकवलं असतं तर दगड गप्प बसला असता, असं त्याला वाटलं. प्रुएट मात्र खुशीत आला. माणूस शुद्धीवर असताना स्वतःहून चूक कबूल करतो, म्हणजे त्याच्या मनात थोडी का होईना शंका असतेच, चूक नसताना कुणी कशाला माफी मागेल, असं तो समजावू लागला. समजावताना हात पसरायची त्याला सवय होती. "शंभरातला एक टक्का, मिस नेल्डा," असं म्हणत त्यानं हात पसरले, तसा त्याचा कोपर त्याच्याच थंड चहाच्या ग्लासला लागला. ग्लास आडवा झाला. बर्फासकट सगळा चहा टेबलावरून वाहत नेल्डाच्या मांडीवर आला.

"अगंबाई, माफ करा हं," नेल्डा म्हणाली. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि आधी त्याचे कागद टिपायला घेतले. "मीच खुर्ची जरा मागे घ्यायला हवी होती."

जबानी टिपणाऱ्या बाईंची बोटं टकटक चालली आणि थांबली. प्रुएट त्यांच्याकडे वळला. हे टिपायची काही गरज नाही, असं तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज तितकासा मऊ नव्हता.

"गरज कशी नाही?" हॉइट म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "टिपा, बाई. शब्दन् शब्द टिपा. आणि चहा कुणी सांडला, तेही टिपा."