बुधवार, दुपारनंतर

“पोराची जन्मतारीख?” फॉर्मवर पेन टेकवून अधिकारी सुनीसाबाईंनी विचारलं.

चार वर्षांचा यान मा न्युंटच्या मांडीवर बसून टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत होता. जीव वाचवायला नदी ओलांडून ते थाई बाजूला आले आणि पकडून या कोठडीत आणले गेले, त्याला अकरा दिवस झाले होते. नवरा, को थाउंग, पलीकडे पुरुषांच्या खोलीत. कागदपत्रं घराबरोबर जळालेली. आता दोघांची उत्तरं जुळली, तर तिघांना एका खोलीत ठेवणार. नाही जुळली, तर को थाउंगची रवानगी उद्या दुसऱ्या शहरात.

त्याचा जबाब सकाळीच झाला होता. तो कागद टेबलावर पालथा पडला होता आणि तिला खरी धास्ती त्याचीच होती. को थाउंगला ‘ठाऊक नाही’ म्हणताच येत नसे. न पाहिलेल्या गावाचा रस्ता कुणी विचारला, तरी हा छातीठोकपणे सांगायचा. साहेबानं तारीख विचारली म्हणजे यानं एखादी ठोकून दिलीच असणार. कुठली, ते देव जाणे.

“तारीख ठाऊक नाही, बाई,” अखेर ती म्हणाली. “बुधवार होता. दुपार टळून गेली होती.”

तिच्या गावात तारखा कोण लक्षात ठेवतं? वार मात्र हवाच. वारावरून नाव ठरतं, पॅगोड्यात पाणी वाहायचा कोपरा ठरतो. आणि बुधवारचे तर दोन वार; दुपारनंतर जन्मलेल्यांचा कोपराच वेगळा.

“दुपारनंतर? नक्की?”

“सुईण जेवून उठली होती. भात आमच्याच घरचा होता.”

सुनीसाबाई सीमेवरच वाढलेल्या, बर्मी त्यांना घरच्यासारखी येई. हसू दाबत त्यांनी पालथा कागद उलटला आणि वाचून दाखवला. “‘तारीख ठाऊक नाही. बुधवार, दुपारनंतर. सुईणीनं तीनदा भात घेतला.’”

मा न्युंटला हसूही आलं आणि रडूही.

“मी पण बुधवारची,” यानच्या मुठीतून शिक्का सोडवत बाई म्हणाल्या. “आम्हा थाई लोकांतही रात्रीचा बुधवार वेगळा धरतात. खरं तर पोरांना इथं ठेवूच नये. ते माझ्या हातात नाही. हे आहे.” आणि त्यांनी शिक्का मारला.

संध्याकाळी तिघं एका चटईवर, एकाच ताटात जेवले. भात गार होता, पण इतका गोड घास तिनं कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

“तू घाबरून काहीतरी तारीख सांगशील, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता,” को थाउंग म्हणाला.

तिनं हसून शेवटचा घास त्याच्याच तोंडात कोंबला.

बाहेरून कुलूप लागलं. यान उठून दार हलवून आला.

“बाबा, आपल्याला का कोंडलंय?”

को थाउंगनं त्याला मांडीवर ओढून घेतलं.

“ठाऊक नाही, बाळा,” त्या दिवसात दुसऱ्यांदा तो म्हणाला.