काटे काढणारा हात

कुवेतमधल्या अहमदी शहरातल्या त्या गजबजलेल्या जपानी खानावळीत भाजलेली वाम मासळी खायची, हा हट्ट लैलाचाच. जहराच्या घरून निघाल्यापासून तिची बडबड थांबली नव्हती.

घरच्या रीतीने तिघांत एकच ताट घेतलं. पण अम्मीने, खतिजाने, नाक मुरडलं. “शी गे! साप दिसतोय साप.” तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

“मग तुझा वाटा माझा!” लैला हसत ताटाकडे वळली.

ताटात तीन हात होते. तिचा, अब्बांचा आणि एक ओला, बायकी हात. तो सराईतपणे काटे काढत होता.

लैलाने अम्मीकडे पाहिलं. तिचे हात ओढणीतच होते.

त्या हाताने घास उचलून अब्बांच्या ओठांशी नेला. लैलाने आपला हात झटकन ताटातून मागे घेतला.

“खतिजा, काटे काढलेस ना?” खिडकीबाहेर बघतच अब्बांनी तोंड उघडलं.